तोंडात बसलेलं बिडकीन

आमचे हे बोलायला लागले की पाहुण्यानं चहा प्यायचा, दुसरा घ्यायचा, उठून चप्पल घालायची, तरी ह्यांचं वाक्य पुरं झालेलं नसायचं. वाळूजला एका कारखान्यात ते आधी लेथवर होते, पुढं सुपरवायझर झाले. शिफ्टच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी नवीन लागलेला माणूसच बसायचा. जुनी माणसं आधीच मागच्या बाकांवर जाऊन झोपेचं सोंग घ्यायची. आमच्या गल्लीतल्या विहारात कुणाचा सत्कार असला की माईक ह्यांच्याकडं. ज्याचा सत्कार, त्याला बोलायला उभं केलं जायचं तेव्हा बायका मुलांना घेऊन घरी निघालेल्या असायच्या.

घरात ऐकायला मी एकटी. लेक लग्न करून नांदेडला गेली. मी अंगणवाडी सेविका. दिवसभर लेकरांची बडबड ऐकायची, संध्याकाळी ह्यांची. आणि ह्यांचा लाडका विषय म्हणजे माझं माहेर, बिडकीन. "आमच्या बिडकीनला..." एवढं माझ्या तोंडातून निघायचा अवकाश, की हे सुरू. बिडकीनला बस थांबते म्हणून त्याला गाव म्हणायचं. बिडकीनच्या माणसाला रस्ता विचारला तर तो सोबत चालत येतो, कारण त्यालाबी काम नसतं. अलीकडं तिकडं मोठमोठे कारखाने आले, माझ्या भावाची मान ताठ झाली, तर ह्यांना नवाच माल मिळाला. म्हणायचे, "आता तुमच्या बिडकीनच्या शेळ्यासुद्धा हेल्मेट घालून चरत असतील."

आणि त्यांचं स्वतःचं हेल्मेट? ते डोक्यावर असायचं, पण पट्टा कधी लावलेला नसायचा. पट्टा लावला की म्हणे जबडा हलत नाही. एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवरून घरी येताना वळणावर खडी पसरलेली होती, चाक घसरलं. हेल्मेट एकीकडं गेलं आणि हे एकीकडं. डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला, आत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "जिवावरचं टळलंय. पण बोलण्याच्या भागाला मार बसलाय. बोलायला त्रास होईल."

मी मान हलवली. मनात म्हणलं, ह्या डॉक्टरांना आमचे हे माहीत नाहीत.

शुद्धीवर आल्यावर ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग ओठ हलले. मी कान जवळ नेला. ते म्हणाले, "बिडकीन."

मला हसूच फुटलं. त्या अतिदक्षता विभागात, नळ्या लावलेल्या माणसाशेजारी मी तोंडाला पदर लावून हसत होते. वाटलं, मरणाच्या दारातून परत आले ते मला चिडवायलाच. सिस्टर माझ्याकडं रागानं बघायला लागल्या. मग ते परत म्हणाले, "बिडकीन. बिडकीन?" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं. माझं हसू तिथंच थिजलं.

पुढं कळलं की एवढा एकच शब्द शिल्लक राहिलाय. पाणी हवं तरी बिडकीन, पाय दुखतो तरी बिडकीन. डॉक्टरांनी तपासायला विचारलं, "आपण कुठल्या शहरात आहोत?" हे म्हणाले, "बिडकीन." डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. म्हणलं, "डॉक्टर, आपल्या शहराचं नाव बदलल्यापासून ह्या प्रश्नाला धडधाकट माणूसबी अडखळतो. दुसरं काहीतरी विचारा." डॉक्टर हसले. त्या आठवड्यात तेवढं एकदाच कुणी हसलं असेल.

एक नवल मात्र झालं. विहारातलं एक वयस्कर माणूस भेटायला आलं आणि दारातूनच हात जोडून म्हणालं, "जयभीम." ह्यांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांनी डावा हात वर केला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "जयभीम!" मी आणि सिस्टर, दोघी जागच्या जागी उभ्या. मला वाटलं, आली वाचा. मी घाईघाईनं विचारलं, "अहो, पाणी देऊ का?"

"बिडकीन," हे म्हणाले.

घरी आणल्यावर भाऊ भेटायला आला. दाजींच्या तोंडी आपल्या गावाचं नाव ऐकून त्याला भरूनच आलं. आयुष्यभर ज्यांनी टिंगल केली, त्यांच्या मनात खरं काय होतं ते आता बाहेर आलं, असं त्याचं मत. म्हणाला, "ताई, दाजींचा जीव तिथं अडकलाय. चार दिवस घेऊन येतो. हवा बदलंल." हे जोरजोरात मान हलवत होते, "बिडकीन! बिडकीन!" म्हणून ओरडत होते. भाऊ म्हणाला, "बघ, किती घाई झालीय."

गाडी करून आम्ही बिडकीनला गेलो. भावानं अंगणात खाट टाकली, उशा लावल्या, सगळी भावकी गोळा केली. हे खाटेवर बसले, चारी बाजूला बघितलं, आणि डाव्या हाताचं बोट आलेल्या रस्त्याकडं करून संतापानं म्हणाले, "बिडकीन!" भाऊ म्हणाला, "दाजी, हेच की बिडकीन!" ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना घरी जायचं होतं, आणि घरी जायचं म्हणायला त्यांच्याकडं बिडकीनच होतं. संध्याकाळी मी त्यांना परत आणलं. भाऊ अजून म्हणतो, अजून दोन दिवस ठेवले असते तर फरक पडला असता.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही क्रांती चौकाजवळच्या एका स्पीच थेरपीच्या मॅडमकडं जायला लागलो. मॅडम म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची मुलगी, साताऱ्याकडची. मी खुर्चीवर बसल्या बसल्या सगळी हकीगत सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं मला थांबवलं आणि ह्यांच्याकडं वळली. हळू, एकेक वाक्य सोडत म्हणाली, "काका, तुमची हुशारी कुठं गेलेली नाही. शब्दही आत आहेत. आतून तोंडापर्यंत यायची वाट मोडलीय. ती परत करायची. वेळ लागेल."

अपघातानंतर त्यांच्याशी सरळ त्यांच्याकडं बघून बोललेलं ते पहिलंच माणूस असेल. बाकीचे एकतर माझ्याशी बोलायचे, नाहीतर ह्यांच्याशी बहिऱ्याशी बोलल्यासारखं ओरडून. ह्यांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "बिडकीन." त्या बिडकीनचा अर्थ मला लागला. मी खिडकीकडं तोंड करून बसले.

ह्या आजाराला अफेजिया म्हणतात, हे मॅडमकडूनच कळलं. जयभीमचं कोडंही तिनं सोडवलं. रोजची सवयीची बोलणी, मोजणी, शिव्या असलं काही काही आपोआप येतं. मनात ठरवून एखादा शब्द काढायचा म्हणलं की अडतं. शिव्यांचं तिनं सांगितलं आणि मला धडकी भरली, कारण लेथवर उभं राहून माणूस काय काय शिकतो ते मला माहीत होतं. आणि खरंच, पुढच्या आठवड्यात खुर्चीचा पाय लागला तेव्हा एक अशी सणसणीत शिवी आली, की मॅडमनं टाळ्या वाजवल्या आणि मी जिना उतरेपर्यंत मान वर केली नाही.

घरी मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी आयुष्यभर लेकरांना बोलायला शिकवलं. अंगणवाडीतले तक्ते आणले, भिंतीला लावले. अननस, आगगाडी, इमारत. काठी घेऊन उभी राहिले आणि लाडिक आवाजात म्हणलं, "हे काय आहे बरं?" ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की काठी माझीच मला जड झाली. मग उठून त्यांनी तक्ते एका हातानं काढले, गुंडाळी करून माझ्या काखेत दिली आणि दार दाखवलं. मॅडमला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, काका लहान मूल नाहीत. त्यांच्या कामाच्या, रागाच्या, आवडीच्या वस्तू आणा." दुसऱ्या खेपेला मी पिशवीत पाना, त्यांचा चष्मा, अडकित्ता आणि दुधी भोपळा नेला. भोपळा रागासाठी.

मॅडम शब्दाची सुरुवात करून द्यायची आणि ह्यांनी पुरा करायचा. "काका, चहा आणि... बि..."

"बिडकीन!" हे आनंदानं म्हणाले.

मॅडमनं डोक्याला हात लावला. त्या दिवसापासून बिस्कीट, बिब्बा, बिऱ्हाड असल्या सगळ्या शब्दांना तिच्या खोलीत बंदी झाली.

मला मात्र तिनं सगळ्यात अवघड काम दिलं. म्हणाली, "काकू, काका शब्द शोधत असतील तेव्हा तुम्ही शब्द पुरवायचा नाही. गप्प बसायचं. त्यांना वेळ द्यायचा." आता बघा, अख्खा संसार मी ह्यांच्यापुढं गप्प बसून काढलेला. आता कुठं घरात मला बोलायला मोकळं रान मिळालं होतं, आणि ही पोरगी मला गप्प बस म्हणत होती! पण जमेना. हे 'प... प...' करायला लागले की माझ्या तोंडात पाणी, पंखा, पेपर, पातेलं, सगळं गर्दी करायचं. शेवटी मी तोंडात सुपारी धरून बसायला लागले.

पहिला नवा शब्द माझ्यासाठी आला नाही, हेही सांगून टाकते. ह्यांचे एक दोस्त आहेत. एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर दोघांची उमेदीची वर्षं गेली. राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. रोज संध्याकाळी यायचे आणि म्हणायचे, "भाभी, मियाँ कू मैंच बोलता करतौं, देखो तुम." एके दिवशी त्यांनी कारखान्यातल्या जुन्या क्रिकेट मॅचची गोष्ट काढली. मला म्हणाले, "भाभी, उस दिन इनो मेरी बॉल पे झीरो पे आउट हुए. पूरी कंपनी हसी."

ह्यांची मान वर आली. चेहरा लाल झाला. ओठ थरथरायला लागले. मी सुपारी दाताखाली दाबली.

"झ... झू... झूट!"

दोस्तांनी कान पुढं केला. "क्या बोले?"

"झूट! झूट! झूट!" हे डावी मूठ खाटेवर आपटत म्हणाले.

दोस्तांनी उठून त्यांना मिठीच मारली. "हौ मियाँ, झूट. पूरा झूट. तुम्हीच जितायेले मॅच," म्हणत ते डोळे पुसत होते. मीबी रडले. पण मनात एक कुसळ राहिलंच. आजारपण मी काढलं, सुपारी मी चघळली, आणि पहिला शब्द गेला दोस्ताच्या पदरात.

मॅडमला हे सांगितलं तर तिनं तेच औषध म्हणून लिहून दिल्यासारखं केलं. "घरात मुद्दाम खोटं बोला. काकांना चूक सुधारू द्या." एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. वरणात साखर घातली म्हणलं. "नाय. मी... मीठ!" सूर्य मावळायला आला म्हणलं सकाळी. "नाय. वर. वर." शब्द एकेक करून यायला लागले. काही माझ्या मराठीतले, काही दोस्तांच्या दखनीतले. 'नाय' आणि 'नक्को' तर फार लवकर आले. दुधी भोपळ्याला नक्को, गोळीला नक्को, व्यायामाला नक्को.

अशाच एका दुपारी भाजी निवडता निवडता मी सहज म्हणलं, "आपलं लग्न पैठणला झालं होतं, नाही का?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "नाय."

"मग कुठं झालं?"

ते बोलायला गेले आणि थबकले. कपाळावर आठ्या आल्या. "प... नाय. ति... तिथं. तुझ्या..." हात हवेत फिरायला लागला. मी बघत राहिले. माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. बिडकीन सापडत नव्हतं! ज्या माणसाच्या तोंडातून महिनोन्महिने दुसरं काही निघालं नव्हतं, त्याला आता खरोखर बिडकीन म्हणायचं होतं आणि ते येत नव्हतं.

त्यांनाही ते कळलं. आधी डोळे विस्फारले. मग पोट हलायला लागलं. आम्ही दोघं इतके हसलो, की मेथीची जुडी खाली पडली आणि शेजारीण काय झालं बघायला आली. तिला काय सांगणार? हसता हसताच हे माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तुझ्या... घरी. लगीन. तुझ्या घरी."

तीन-चार शब्द एका दमात आले होते.

सगळे दिवस असे हसायचे नव्हते, तेही सांगितलं पाहिजे. मध्ये एक काळ असा आला की शब्द पुढं सरकेनात. ह्यांनी बाहेर जाणं सोडलं. विहारात गेले तर माईक दुसऱ्याच्या हातात, आणि एका बाईनं त्यांच्यादेखत मला विचारलं, "ह्यांना समजतं का काही?" त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पाना भिंतीवर फेकला. अजून तिथं पोपडा उडालेला आहे. संध्याकाळी घरात कुकरची शिट्टी सोडून आवाज नसायचा. मी स्वयंपाक करताना मुद्दाम म्हणायचे, "आमच्या बिडकीनला काय सुंदर वांगी मिळतात." आणि उत्तराची वाट बघत चमचा हातात धरून उभी राहायचे. हे भिंतीकडं बघत असायचे. माझ्या माहेराला नावं ठेवणारं कुणी घरात नाही, ह्याचं एवढं दुःख होईल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मॅडमनं मग खोली सोडली. म्हणाली, "आज खाली चौकात चहा प्यायचा. काकांनी मागायचा. काकूंनी गप्प."

टपरीवर गर्दी होती. हे पुढं झाले. टपरीवाल्यानं ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांचे ओठ हलताना बघितले आणि लगेच माझ्याकडं वळून म्हणाला, "मावशी, काकांना काय देऊ?"

माझं तोंड उघडलंच होतं. मॅडमनं माझा दंड धरला.

ह्यांनी डाव्या हातानं फळीवर थाप मारली. कप हलले. "मला," हे म्हणाले. मग दम घेतला. "मला... इचार."

टपरीवाला ओशाळला. "चुकलं, काका. बोला, काय देऊ?"

आता आख्खी टपरी ह्यांच्याकडं बघत होती. बऱ्याच दिवसांनी एवढे श्रोते मिळाले होते. हे ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "तीन कांदा."

कुणीच हसलं नाही. हसावं की नाही, हे कुणाला कळेना. ह्यांनी स्वतःचाच शब्द ऐकला, मान झटकली, "नाय, नाय" म्हणाले, आणि डाव्या हातानं बशीतून फुरका मारायची खूण केली. "च... चहा! तीन."

"मग ठीक आहे," टपरीवाला म्हणाला. "मला वाटलं, कांदा चहात टाकून द्यायचा की बाजूला."

सगळ्यात आधी हे हसले. मग सगळी टपरी हसली. चहा आल्यावर मॅडमनं फुंकर घालत विचारलं, "कसा आहे, काका?" हे एक घोट घेऊन, विचार करून म्हणाले, "पाणी." टपरीवाला म्हणाला, "आता मात्र बरोबर बोलले बघा."

त्या दिवसानंतर ते परत बाहेर पडायला लागले. कारखान्यातली नोकरी मात्र परत धरता आली नाही, ती सोडावी लागली. उजवा हात अजून हळू चालतो. बोलणं तुटक आहे आणि बहुधा तसंच राहील, हे मॅडमनं आम्हाला समोर बसवून, लपवाछपवी न करता सांगितलंय. 'काल'च्या जागी 'उद्या' येतं. हो म्हणायचं असतं आणि तोंडातून नाही निघतं, मग दोन्ही हात हलवून ते पुसून टाकतात. मॅडमकडं आम्ही आता महिन्यातून एकदा जातो. दोस्त रोज येतात, रोज नवीन खोटं घेऊन.

परवाची गोष्ट. मी ओट्याशी होते. हे फिरायला गेले होते ते घाईघाईनं आत आले, धापा टाकत. मला वाटलं पडले की काय. "काय झालं हो?"

"खाली," ते म्हणाले. "गाडी... गाडीखाली. कुत्री. कुत्री याली."

"व्यायली?"

त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं. मी ओठ मिटले.

"व्याली. पिल्लं. लई पिल्लं. डोळे... बंद."

मी गॅस बंद केला. हातातलं पीठ तसंच. अपघातानंतर ते मागायचे, नकार द्यायचे, चूक सुधारायचे. पण मला माहीत नसलेली गोष्ट बाहेरून घेऊन येऊन त्यांनी मला सांगितली होती, ती पहिल्यांदाच. मी त्यांच्या मागं जिना उतरले. शेजाऱ्यांच्या गाडीखाली वाकून बघितलं. करड्या रंगाची मांजर आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लं लुचत होती.

"अहो, ही तर मांजर आहे."

"तेच म्हणलं," हे म्हणाले.

"कुत्री म्हणालात."

ते गुडघ्यावर हात ठेवून माझ्या शेजारी वाकले, मांजरीकडं नीट बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मांजर म्हणलं. तुला... ऐकू... कमी."

आणि दूध आणायला मला वर पाठवलं.